इंग्रजी स्पेलिंगची तिरपागडी कोडी (गुगल करायचं नाही, आधीच सांगते)

शब्दखोर:
मंडळी, म्हणींचे धागे झाले, गाण्यांच्या भेंड्या झाल्या, मराठी शब्दकोडी तर दर दोन महिन्यांनी येतातच, पण इंग्रजी स्पेलिंगवर कुणी धागा काढलेला दिसला नाही म्हणून काढतेय. विषय एवढाच की ज्या शब्दांचं स्पेलिंग काहीतरी विचित्र आहे, चमत्कारिक आहे, इतर शब्दांत सापडत नाही असं आहे, ते क्लूवरून ओळखायचे.

नियम फार नाहीत. गुगल बंद. रोमनमधले प्रतिसाद ॲडमिन उडवतात, तेव्हा अक्षरं ए बी सी अशी देवनागरीतच लिहा, त्याने मजा वाढतेच. जो ओळखेल त्याने पुढचं कोडं टाकायचं. आणि उत्तराबरोबर ते स्पेलिंग तसं का झालं हे माहीत असेल तर सांगायचं, नुसतं "इंग्रजीत असंच असतं" म्हणणाऱ्याला अर्धे मार्क.

चला, सोप्यापासून:
१) एकापाठोपाठ एक तीन जोड्या. म्हणजे एक अक्षर दोनदा, लगेच दुसरं दोनदा, लगेच तिसरं दोनदा, मध्ये काहीही नाही. क्लू: पोटापाण्याचा व्यवसाय आहे.
२) पाच अक्षरी शब्द. शेवटची चार अक्षरं काढून टाकली तरी उच्चार तोच राहतो. क्लू: रेशनच्या दुकानापासून सिद्धिविनायकापर्यंत सगळीकडे असतो.

रविवारची_मिसळ:
आधी रुमाल टाकतो मग विचार करतो.

कोकणातला_विजू:
१) बुककीपर! बी, ओ ओ, के के, ई ई, पी ई आर. मोठ्याने म्हणून बघा "ओओ केके ईई", घरातले बघायला येतात काय झालं म्हणून.
आमच्याकडे सगळे अकाउंटंटच म्हणतात, बुककीपर फक्त पुस्तकात.

रविवारची_मिसळ:
अरे रुमाल टाकेपर्यंत गेलं पण. २) क्यू. म्हणजे रांग. क्यू यू ई यू ई. बिचारा क्यू पुढे उभा आणि मागचे चौघं नुसतेच ताटकळत, आवाज कुणाचाच नाही. स्पेलिंगनेच रांग लावलीये.

शब्दखोर:
दोन्ही बरोबर. विजू, बुककीपरचं "का" तसं सोपंय, बुक संपतो के वर आणि कीपर सुरू होतो के ने, दोन शब्द शेजारी आले. हायफन न घेता अशा तीन जोड्या असलेला नेहमीच्या वापरातला शब्द हाच, आणि याचाच भाऊ बुककीपिंग. काही लोक सब-बुककीपर असा शब्द ओढूनताणून बनवून बी बी पण घुसवतात आणि चार जोड्या म्हणून मिरवतात, ते मी धरत नाही.
क्यू हा फ्रेंचमधून आला, तिथे त्याचा अर्थ शेपटी, मूळ लॅटिन. फ्रेंच स्पेलिंग जसंच्या तसं उचललं. त्याला आय एन जी लावून बघा, क्यू यू ई यू ई आय एन जी, सलग पाच स्वर.
विजू, तुमचं कोडं.

कोकणातला_विजू:
मला कोडं कुठलं सुचतंय, शाळेतलं आठवलं ते टाकतो. "गाढवावर गाढव, त्यावर मी, माझ्यावर देश." ओळखा.

मुग्धा_क:
हाहाहा असॅसिनेशन! ए एस एस, ए एस एस, आय, नेशन. आणि "खोटं तू दहा मुंग्या" म्हणजे लेफ्टनंट, लाय यू टेन अँट. आमच्या बाईंनी शिकवलेलं, आजपर्यंत चुकलं नाही. वेड-नेस-डे, टू-गेट-हर, क-नो-लेड-गे, सगळं असंच पाठ केलंय. मराठी मीडियमवाल्यांचं स्पेलिंग कॉन्व्हेंटवाल्यांपेक्षा चांगलं असायचं ते यामुळेच असं माझं ठाम मत आहे, कारण आम्ही शब्द जसा लिहिलाय तसा आधी वाचायचो, उच्चार नंतर कुणीतरी सांगायचं.

ट्रेकवेडा:
+१ मुग्धाताई.
माझं कोडं. बुककीपरमध्ये के के आलाय म्हणून सुचलं. इंग्रजीत एल एल, एस एस, टी टी ढिगाने आहेत. पण खालची अक्षरं जोडीने येणारे शब्द सांगा बघू: एच एच, आय आय, यू यू, डब्ल्यू डब्ल्यू. आणि के के चा अजून एक, तो तर माझ्या आयडीतच अर्धा लिहिलाय.

रविवारची_मिसळ:
के के म्हणजे ट्रेकिंग. यू यू म्हणजे व्हॅक्यूम, क्लीनर घरात आहे, खोक्यावर रोज बघतो. एच एच थ्रेशहोल्ड?

शब्दखोर:
मिसळराव, थ्रेशहोल्ड बाद. त्यात एस च्या मागे एच एकच आहे, टी एच आर ई एस एच ओ एल डी. निम्मं जग तिथे दुसरा एच घालतं कारण डोळ्यांना होल्ड दिसतो. विथहोल्ड मात्र चालेल, तिथे खरोखर दोन आहेत.

मुग्धा_क:
एच एच हिचहायकर पण. आय आय म्हणजे स्कीइंग, एस के आय आय एन जी. आणि विमान रनवेकडे हळूहळू जातं ते टॅक्सीइंग.

अण्णा७०:
व्हॅक्यूमचं कारण सांगतो. तो अख्खा लॅटिन शब्द आहे, लॅटिनमध्ये ते दोन यू वेगवेगळे उच्चारायचे, "व्हॅकु-उम" असं. इंग्रजांनी उच्चार आखडला, स्पेलिंग ठेवलं.

ट्रेकवेडा:
मस्त अण्णा. ट्रेकिंगचं मी सांगतो कारण दर पावसाळ्यात फ्लेक्सवर एका के चं ट्रेकिंग बघून डोकं फिरतं. नियम असा की छोटा स्वर आणि मागे एकच व्यंजन असेल तर आय एन जी लावताना व्यंजन डबल होतं, रन चं रनिंग तसं. पण अस्सल इंग्रजी शब्द अशा ठिकाणी के ने संपतच नाहीत, सी के ने संपतात, किक, लॉक, पॅक. त्यामुळे के डबल करायची वेळच येत नाही. ट्रेक हा मुळात इंग्रजी नाहीच, दक्षिण आफ्रिकेतल्या डच वंशाच्या लोकांचा शब्द, बैलगाड्या घेऊन लांबचा प्रवास करायचे त्याला ट्रेक. म्हणून तो नुसत्या के ने संपतो आणि म्हणून ट्रेकिंगला दोन के लागतात. राजगडाच्या फ्लेक्सवाल्यांना हे कोण सांगणार.
डब्ल्यू डब्ल्यू अजून बाकी आहे लोकहो.

डॅलसची_काकू:
ग्लोवर्म, काजव्यासारखा चमकणारा किडा. जी एल ओ डब्ल्यू डब्ल्यू ओ आर एम. पण मला त्याहून आवडणारं उत्तर आहे, कव्वाली! इंग्रजी डिक्शनरीत आहे, क्यू ए डब्ल्यू डब्ल्यू ए एल आय. आणि त्यात अजून एक गंमत आहे, बघा कुणाला दिसते का.

कोकणातला_विजू:
क्यू च्या मागे यू नाही!

डॅलसची_काकू:
शाब्बास विजू. शाळेत शिकवतात क्यू च्या मागे यू हवाच. हे नियम मोडणारे शब्द बहुतेक अरबीतून आलेत, फकीर, निकाब, कव्वाली. अरबीत एक घशातला क आहे तो दाखवायला एकटा क्यू वापरतात. स्क्रॅबल खेळणाऱ्यांना हे शब्द तोंडपाठ असतात कारण क्यू चे दहा पॉइंट आणि यू हातात नसेल तर क्यू गळ्यात अडकतो.

अण्णा७०:
माझी पाळी नसताना एक टाकतो, वयाचा मान राखा. जन्म इंग्रजी शिकवण्यात गेला आणि मुलं एकच प्रश्न विचारायची, "सर, बोलायचं नाही तर लिहायचं कशाला?" तर त्यावरच कोडी. तिन्हीत एक मुकं अक्षर आहे, ते अक्षर आलं कुठून ते सांगायचं.
अ) कर्ज. डी ई बी टी. बी कुठून आला?
ब) बेट. आय एस एल ए एन डी. एस कुठून आला?
क) भूत. जी एच ओ एस टी. एच कुठून आला?

रविवारची_मिसळ:
अ) मला येतं, बँकेत काम केल्याचा उपयोग. डेबिट!

अण्णा७०:
अगदी बरोबर. मध्ययुगीन इंग्रजीत हा शब्द फ्रेंचवरून आलेला, डी ई टी टी ई असं साधं सरळ लिहायचे. मग लॅटिनचं वेड लागलेल्या पंडितांना वाटलं की मूळ लॅटिन डेबिटम आहे, तर ते दिसलं पाहिजे, म्हणून बी चिकटवला. उच्चार कुणी बदलला नाही. डाउटमधला बी आणि रिसीटमधला पी हे असेच नंतर आणून बसवलेले.
बेटाची गोष्ट त्याहून गमतीची. तो शब्द लॅटिनचा नव्हताच, अस्सल जुना इंग्रजी होता आणि त्यात एस कधीच नव्हता. पण बेटासाठी फ्रेंचमधून आलेला दुसरा शब्द होता आइल, त्याचं मूळ लॅटिन इन्सुला. दोघं एकाच घरातले समजून याच्यातही एस घुसवला. म्हणजे डेटमधला बी निदान खऱ्या वंशावळीतला आहे, आयलंडमधला एस तर सरळ खोट्या दाखल्यावर आलाय.
भूत कुणी ओळखत नाही असं दिसतंय.

मुग्धा_क:
अण्णा भुताला हात लावायची हिंमत नाही, सांगून टाका.

अण्णा७०:
विल्यम कॅक्स्टन. इंग्लंडमधला पहिला छापखाना त्याने १४७६ साली वेस्टमिन्स्टरला काढला. त्याआधी तो बरीच वर्षं ब्रुजला, म्हणजे आजच्या बेल्जियममध्ये होता आणि त्याच्या छापखान्यात खिळे जुळवणारे लोक तिकडच्या सवयीचे होते. फ्लेमिशमध्ये भुताच्या शब्दात जी च्या मागे एच असायचा, तो त्यांच्या हाताने इंग्रजीत आला. अजून काही शब्दांत असाच एच घातलेला, तो पुढे गळला, भुताचा राहिला.
आणि छपाई आली म्हणजे स्पेलिंग हळूहळू गोठलं, पण लोकांचा उच्चार नेमका त्याच सुमाराच्या दोन-तीन शतकांत धडाधड बदलत होता. नाइट म्हणजे योद्धा, के एन आय जी एच टी, यात पूर्वी के पण बोलायचे आणि जी एच पण घशातून खाकरल्यासारखा बोलायचे. आपण जे स्पेलिंग पाठ करतो ते बऱ्याच वेळा मेलेल्या उच्चाराचं रेकॉर्डिंग असतं.

शब्दखोर:
अण्णा _/\_ धागा सार्थकी लागला. त्या जी एच वरच पुढचं कोडं. जी एच ओ टी आय. हा शब्द कसा वाचाल? क्लू: विजूच्या ताटात रोज असतो.

कोकणातला_विजू:
घोटी. इगतपुरीच्या पुढे. ताटात नसतो.

रविवारची_मिसळ:
हसून हसून पुरेवाट

टेक्निकल_टिल्लू:
फिश. जी एच चा उच्चार इनफमधला फ, ओ चा विमेनमधला इ, टी आय चा नेशनमधला श. बर्नार्ड शॉने इंग्रजी स्पेलिंगची टर उडवायला काढलेलं.

शब्दखोर:
फिश बरोबर. पण शॉ नाही. शॉला स्पेलिंग सुधारायचं वेड होतं हे खरं, मृत्युपत्रात नवीन लिपी तयार करायला पैसे ठेवून गेला, म्हणून सगळं त्याच्या नावावर खपतं. हे फिशचं कोडं १८५५ सालच्या एका पत्रात सापडलंय, चार्ल्स ऑलियर नावाच्या प्रकाशकाने लेखक ली हंटला लिहिलेल्या, आणि त्यात तो म्हणतो की ही आयडिया माझ्या मुलाची. शॉचा जन्म १८५६ चा. आईच्या पोटातून स्पेलिंग सुधारणा करत असेल तर माहीत नाही.

अण्णा७०:
आणि मास्तर म्हणून मला त्या कोड्यावर आक्षेप आहे. जी एच शब्दाच्या सुरुवातीला कधीच फ होत नाही, घोस्टसारखा गच होतो. टी आय चा श होतो तो पुढे ओ वगैरे स्वर असेल तरच, शब्दाच्या शेवटी नाही. म्हणजे इंग्रजीला नियम नाहीत हे सिद्ध करायला काढलेलं कोडं इंग्रजीचे नियम मोडूनच जमतं.

टेक्निकल_टिल्लू:
अवांतर: स्टार ट्रेकसाठी बनवलेली क्लिंगॉन भाषा आहे ना, तिच्यात माशाला मुद्दाम हाच शब्द ठेवलाय.

मुग्धा_क:
जी एच चाललंय तर मग ओ यू जी एच घ्याच. माझ्या मुलीला शिकवताना मीच रडकुंडीला आलेले. टी ओ यू जी एच टफ. मध्ये एच घाला, दो. त्यात आर घाला, थ्रू. दो च्या शेवटी टी लावा तर थॉट. सी लावून कॉफ. बी लावून बाउ, झाडाची फांदी. थरो मध्ये अजून वेगळं. आणि उचकीचं एक जुनं स्पेलिंग आहे ज्याच्या शेवटी ओ यू जी एच आहे आणि वाचायचं हिकप! तिला म्हटलं बाई, तू मराठी घे.

अण्णा७०:
तोच घशातला आवाज मुग्धा. तो इंग्रजीतून गेला, पण जाताना काही शब्दांत फ सोडून गेला, काहींत काहीच नाही. कुठल्या शब्दात कुठल्या गावचा उच्चार टिकला यावर ते ठरलं, छापणाऱ्यांनी मात्र सगळ्यांना एकच स्पेलिंग ठेवलं.

कोकणातला_विजू:
आता माझं, आणि याला अण्णांनी लगेच उत्तर द्यायचं नाही. एक प्राणी. इंग्रजांनी त्याचं नाव आपल्या मराठीतून उचललं. स्पेलिंग करताना त्याच्या शेवटी एक पक्षी घातला, ज्याचा त्या प्राण्याशी काडीचा संबंध नाही. आणि त्या पक्ष्यामुळे अनेकवचन करताना भलेभले फसतात.

ट्रेकवेडा:
बँडिकूट? कूट नावाचा पक्षी असतो.

कोकणातला_विजू:
जवळ आलास, पण बँडिकूट तेलुगूतून गेला. आपल्याकडून नाही. क्लू: सापाशी वाकडं.

ट्रेकवेडा:
मुंगूस!!! एम ओ एन, जी ओ ओ एस ई. मागे गूस, बदक-हंसातला! आणि अनेकवचन मॉन्गीस नाही, मॉन्गूसेस. डिक्शनरीत खरंच मराठी मूळ दिलंय? मी इतकी वर्षं हिंदी समजत होतो.

कोकणातला_विजू:
हिंदीत नेवला म्हणतात की रे. मुंगूस आपला. आमच्या परसात सकाळी कोंबड्यांच्या खुराड्याभोवती घिरट्या घालतो, त्याला माहीत पण नाही की तो ऑक्सफर्डला जाऊन आलाय.

टेक्निकल_टिल्लू:
मी एकदम चार टाकतो. १५ अक्षरी शब्द, एकही अक्षर रिपीट नाही. नऊ अक्षरी, स्वर फक्त एक. ए ई आय ओ यू पैकी एकही नाही आणि तरी सात अक्षरी. आणि एम टी ने संपणारा शब्द. उत्तरं खाली देतोय, वाट बघत नाही: अनकॉपीराइटेबल, स्ट्रेंग्थ्स, ऱ्हिदम्स, ड्रेम्ट. लॅपटॉपवर शब्दांची फाइल आहे, तीन ओळींचा प्रोग्राम लिहिला, सगळं बाहेर आलं. अजून काय हवंय सांगा, दोन मिनिटांत देतो.

शब्दखोर:
टिल्ल्या, हे गुगल करण्यापेक्षा वाईट आहे.

टेक्निकल_टिल्लू:
का? गुगल केलं नाही, स्वतः कोड लिहिला. तो पण डोक्यातूनच येतो ना.

अण्णा७०:
कोड्यात मजा अडण्यात असते बाळ. ड्रेम्टचंच घे. लिहिताना ड्रीम आणि पुढे टी, वाचताना ड्रेम्ट, आणि एम टी ने संपणारा नेहमीचा शब्द एवढा एकच, एखादा अनड्रेम्ट सोडला तर. माणूस मनात एम टी, एम टी करत रात्रभर कूस बदलतो आणि पहाटे सापडतं की उत्तर "स्वप्न पडलं" हेच आहे. तुझ्या फायलीला ते कसं कळणार.

रविवारची_मिसळ:
अण्णा जिंकले. पण टिल्लूची बाजू थोडी घेतो, प्रश्न चांगला विचारता आला पाहिजे, उत्तर मशीनने काढलं तरी.

टेक्निकल_टिल्लू:
ठीक आहे, मग हे घ्या, यात फाइल लागत नाही, चौथीच्या भूगोलावर सुटतं. अमेरिकेच्या ५० राज्यांच्या नावांत इंग्रजी २६ पैकी २५ अक्षरं येतात, फक्त क्यू येत नाही. आता आपली २८ राज्यं घ्या. कुठली अक्षरं अजिबात येत नाहीत? नावं इंग्रजी स्पेलिंगने.

मुग्धा_क:
क्यू आणि एक्स तर नक्की नाहीत. झेड आहे, मिझोराम, तो पण फक्त तिथेच. डब्ल्यू वेस्ट बेंगॉलमुळे वाचला.

ट्रेकवेडा:
एफ नाही! पूर्ण नकाशा फिरलो, काश्मीरपासून खाली. एफ कुठेच नाही.

रविवारची_मिसळ:
व्ही पण नाही. थांबा थांबा, दादरा नगर हवेली! हवेलीत व्ही आहे.

टेक्निकल_टिल्लू:
ते केंद्रशासित. मी राज्य म्हणालो. उत्तर: एफ, क्यू, व्ही, एक्स. बोनस: ज्यांच्या नावात ए सोडून दुसरा स्वर नाही अशी राज्यं? आपलं महाराष्ट्र त्यात आहे, चार वेळा ए.

मुग्धा_क:
आसाम, झारखंड, कर्नाटक, नागालँड, राजस्थान. हरियाणा, पण त्यात वाय आहे त्यावर भांडण होईल. हे मुलीला घातलं तर नकाशा पण पाठ होईल, थँक्स टिल्लू.

हौशी_हरी:
नमस्कार, पहिलाच प्रतिसाद. हे व्हॉट्सॲपवर आलेलं. इंग्रजीत जी आर वाय ने संपणारे तीन शब्द आहेत. अँग्री, हंग्री. तिसरा ओळखा.

शब्दखोर:
हरीभाऊ स्वागत आहे, राग नको, पण हे कोडं नाही, छळ आहे. १९७५ साली अमेरिकेत रेडिओवर आल्यावर गाजलं आणि तेव्हापासून लोक लायब्ररीत फोन करकरून ग्रंथपालांचं डोकं खातायत. एका पाठात उत्तर असं की "द इंग्लिश लँग्वेज" हे तीन शब्द, त्यातला तिसरा लँग्वेज. अँग्री-हंग्री नुसतं चकवायला. असल्या चलाखीचा स्पेलिंगशी काय संबंध, स्पेलिंगचं कोडं असेल तर ते स्पेलिंगनेच सुटलं पाहिजे.

अण्णा७०:
खरे शब्द हवे असतील तर आहेत की. मोठ्या डिक्शनऱ्यांत पगरी सापडतो, पी यू जी जी आर वाय, गोरे साहेब उन्हाच्या टोपीला फडकं गुंडाळायचे ते. म्हणजे आपली पगडीच. 

डॅलसची_काकू:
आणि आता हँग्री पण! भुकेने चिडलेला, हंग्री आणि अँग्री मिळून. ऑक्सफर्डने २०१८ मध्ये घेतला. आमच्या घरी रोज सहा वाजता दोन नग असतात.

हौशी_हरी:
धन्यवाद, म्हणजे तिसरा आणि चौथा दोन्ही मिळाले. ग्रुपवर टाकतो.

मुग्धा_क:
काकू, तुमच्याकडे अमेरिकेत ते स्पेलिंग बी, म्हणजे स्पेलिंगच्या स्पर्धेचं प्रकरण फार असतं ना? आपली मुलं जिंकतात ते. सांगा ना.

डॅलसची_काकू:
असतं म्हणजे काय, आमच्या इथल्या देशी घरांत क्रिकेटच्या जागी तेच. राष्ट्रीय स्पर्धा १९२५ पासून चालू आहे. १९८५ ला बालू नटराजन जिंकला, भारतीय वंशाचा पहिला, आणि त्यानंतर हळूहळू रांगच लागली. २०१९ ला तर आयोजकांकडचे अवघड शब्द संपत आले आणि आठ जणांना एकत्र विजेते जाहीर केलं, त्यातले सात भारतीय वंशाचे.
लोकांना वाटतं ही मुलं घोकंपट्टी करतात. मी जवळून पाहिलंय, नुसत्या घोकंपट्टीने पहिल्या दोन फेऱ्या निघतात. मुलं माइकसमोर उभी राहून विचारतात, मूळ भाषा कुठली, अर्थ काय, वाक्यात वापरा. कारण ग्रीक म्हटलं की क साठी सी एच, फ साठी पी एच, सुरुवातीला मुका पी असू शकतो. फ्रेंच म्हटलं की शेवटी ओ ऐकू आला तरी ई ए यू असेल. अण्णा वर जे सांगतायत ना, शब्दाचं गाव कुठलं, ते या मुलांना तेव्हाच्या तेव्हा ओळखायचं असतं. एका मुलाला बघितलं, शब्द ऐकला की डाव्या तळहातावर उजव्या बोटाने लिहायचा, मान खाली, ओठ हलतायत, आणि मध्येच थांबून बोट वर धरायचा, एक अक्षर नक्की होत नाहीये म्हणून.
आता कोडं. २०२१ ला झायला आव्हां-गार्ड ही मुलगी ज्या शब्दावर जिंकली तो तुमच्या रोजच्या फोडणीशी संबंधित आहे. एम ने सुरू होतो.

रविवारची_मिसळ:
मस्टर्ड? एवढा सोपा शेवटी देतात?

कोकणातला_विजू:
मेथी? मोहरी इंग्रजीत मोहरीच म्हणाले असतील तर देव पावला.

अण्णा७०:
मुराया. एम यू आर आर ए वाय ए. कढीपत्ता! मुराया कोनिगी हे त्याचं वनस्पतिशास्त्रातलं नाव, आमच्या शाळेच्या बागेत पाटी होती. मरे नावाच्या एका स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञावरून ते पडलंय.

डॅलसची_काकू:
अण्णांना साष्टांग. तिने स्टेजवर विचारलं पण होतं की यात मरे हे नाव आहे का. तिथेच शब्द सुटला म्हणायचा, आपण बोलतो तसं लिहिलं असतं तर चुकली असती.

रविवारची_मिसळ:
आमच्याकडे दहा रुपयांच्या भाजीवर फुकट मिळतो आणि तिकडे पन्नास हजार डॉलर.

ट्रेकवेडा:
थोडं हलकं घेऊ. आकडे. वन, टू, थ्री असं इंग्रजीत अक्षरी लिहीत सुटलात तर ए हे अक्षर पहिल्यांदा कधी येतं?

मुग्धा_क:
थाउजंड! त्याआधी खरंच नाही? वन टू थ्री... ट्वेंटी... हंड्रेड... नाहीच की. कमाल आहे.

रविवारची_मिसळ:
आक्षेप. १०१ म्हणजे वन हंड्रेड अँड वन. अँडमध्ये ए आहे. चेक लिहिताना मी नेहमी अँड लिहितो.

ट्रेकवेडा:
अमेरिकन पद्धतीत अँड घेत नाहीत.

रविवारची_मिसळ:
मी कऱ्हाडचा आहे.

शब्दखोर:
दोन्ही उत्तरं मान्य, भांडू नका. चेकवरून आठवलं, ४० चं स्पेलिंग. एफ ओ आर टी वाय, फोर मधला यू गळतो. लोक हमखास घालतात, मग कॅशियर चेक परत करतो. लक्षात ठेवायची युक्ती सांगते, फॉर्टी हा एकमेव आकडा आहे ज्याची अक्षरं एबीसीडीच्या क्रमाने येतात, एफ, ओ, आर, टी, वाय. यू घातलात तर क्रम मोडतो. उलट्या क्रमाचा एकच, वन.

टेक्निकल_टिल्लू:
आणि इलेव्हन प्लस टू ची अक्षरं उलटसुलट केली की ट्वेल्व्ह प्लस वन होतं. दोन्हीकडे १३ अक्षरं आणि बेरीज पण १३. हे मात्र प्रोग्रामने नाही काढलं हां, जुनं आहे, पण जेव्हा बघतो तेव्हा अंगावर काटा येतो.

मुग्धा_क:
मी टायपिंगचं टाकते. जीसीसीची तीसची परीक्षा दिलेले किती जण आहेत इथे? ए एस डी एफ जी एफ, सेमीकोलन एल के जे एच जे. प्रश्न: कीबोर्डच्या वरच्या एकाच ओळीतल्या अक्षरांनी होणारा दहा अक्षरी शब्द? आणि फक्त डाव्या हाताने टाइप होणारा बारा अक्षरी?

कोकणातला_विजू:
पहिला टाइपरायटर! आमच्या इन्स्टिट्यूटच्या सरांचा आवडता. प्रोप्रायटर पण वरच्याच ओळीत बसतो, पाटीवर दोन्ही शब्द होते.

डॅलसची_काकू:
दुसरा स्टुअर्डेसेस, हवाईसुंदऱ्या. आणि मधल्या एकाच ओळीत बसणारं अमेरिकेचं राज्य एकच, अलास्का.

अण्णा७०:
खालच्या ओळीत एकही नसणार, तिथे स्वरच नाही.

शब्दखोर:
बरोबर. आता शेवटची जोडी टाकते, मग धागा तुमच्या हवाली. ए ई आय ओ यू पाचही स्वर, प्रत्येक एकदाच, आणि याच क्रमाने येणारा शब्द फसीशस, म्हणजे वेळकाळ न बघता विनोद करणारा. एफ ए सी ई टी आय ओ यू एस. (मिसळराव, तुमच्याबद्दल नाही.) खाण्यापिण्यात संयम ठेवणारा तो ॲब्स्टीमियस, त्यातही हाच क्रम.
कोडं असं: पाचही स्वर एकेकदाच पण बरोब्बर उलटे, यू ओ आय ई ए. चौदा अक्षरी, हायफन नाही. क्लू: इथले बहुतेक सगळे आहेत.

रविवारची_मिसळ:
हायफन नाही, चौदा अक्षरी, आणि आम्ही सगळे आहोत. अनएम्प्लॉइड तर नाही ना?

टेक्निकल_टिल्लू:
फाइल उघडू का?

अण्णा७०:
हात बांधून बस.

ट्रेकवेडा:
पहिला स्वर यू, म्हणजे सुरुवातीला अन किंवा सब असणार. सब... सबर्बन? नाही, त्यात यू दोनदा. सबकॉन्शस? त्यात ए नाही.

डॅलसची_काकू:
सबकॉन्टिनेंटल! एस यू बी, सी ओ एन, टी आय, एन ई एन, टी ए एल. "इथले बहुतेक सगळे आहेत" म्हणे, मी तिथून निघून वीस-पंचवीस वर्षं झाली तरी माझी मोजणी त्यातच.

शब्दखोर:
काकू, तुम्हाला सोडतोय कोण. बरोबर आहे, पुढचं कोडं तुमचं. आणि तिकडचे ते अवघड वालेच शब्द काढू नका, विजू मेथी-मोहरीवर अडलाय अजून.